विजोड

'बेजोड' आणि 'विजोड' या दोन शब्दांत फरक एका अक्षराचा. अर्थ पाहू गेलं तर दोन्हींचा एकच, ज्याला जोड नाही तो. पण एका शब्दाला आपण शाल-नारळ देतो आणि दुसऱ्याला लग्नाच्या मांडवातून परत पाठवतो. भाषा करणाऱ्यांनी हा पंक्तिप्रपंच का केला असावा, हे आमच्यासारख्या बी.कॉम. माणसाने विचारू नये. तरीही विचारतो, कारण विजोड गोष्टींशी माझा पोटापाण्याचा संबंध आहे. बावीस वर्षं मी बँकेत कारकून आहे आणि त्यातली बरीच वर्षं फाटक्या नोटा बदलून देण्याच्या खिडकीमागे गेली आहेत.

रिझर्व्ह बँकेच्या २००९ सालच्या नियमांत विजोड नोटेची स्वतंत्र व्याख्या दिलेली आहे. एका नोटेचा अर्धा तुकडा दुसऱ्याच नोटेच्या अर्ध्या तुकड्याला जोडला, की झाली विजोड नोट. पन्नास रुपयांच्या आणि त्यावरच्या नोटेचा एक अखंड तुकडा ८० टक्क्यांहून जास्त उरला असेल तर पूर्ण पैसे, ४० ते ८० च्या दरम्यान असेल तर निम्मे आणि ४० च्या खाली गेला तर नमस्कार, असं २०१८ पासूनचं गणित आहे. (माणसांच्या पेन्शनलाही हेच गणित लावावं, अशी एक सूचना मी एकदा चहाच्या वेळी केली होती. कुणी हसलं नाही. पेन्शन हा आमच्याकडे विनोदाचा विषय नाही.) नोट फाटणं हा काही गुन्हा नव्हे. चिकटपट्टी लावून आणलेली नोट पाहून कुठल्याही कॅशियरचं डोकं फिरत नाही. फिरतं ते जोड दिसू नये म्हणून डिंकाने, इस्त्रीने आणि हळुवार हाताने बेमालूम केलेल्या नोटेवर. म्हणजे ज्या नोटेवर जास्त कष्ट घेतलेले असतात, तिचाच जास्त संशय येतो. हा अन्याय आहे की न्याय, हे मला अलीकडेपर्यंत ठरवता येत नव्हतं. मग आमच्या माडीच्या फळ्यांनी तो प्रश्न घरीच आणून दिला.

आमचा वाडा जालन्यात, कुंडलिकेच्या काठावरच्या जुन्या वस्तीत आहे. वाडा हा शब्द नातेवाइकांत वापरायचा. घरपट्टी भरताना आम्ही 'पडकं घर' म्हणतो. खाली दगड-विटांच्या भिंती, वर माळवद आणि मधे चार खणांची माडी. माडीची जमीन म्हणजे सागवानी तक्तपोशी: तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर एकतीस फळ्या. हे लाकूड आजोबांनी निजामाच्या राज्यात असताना आदिलाबादकडून आणवलं, असं घरात सांगतात. आजोबा मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. त्यांची त्या वेळची वही अजून आहे, पण ती मोडीत आहे आणि आकडे हाली शिक्क्यातले. त्यामुळे वाडा किती रुपयांत बांधला हे कुणालाच कळत नाही आणि प्रत्येक पिढी आपापल्या ऐपतीप्रमाणे आकडा सांगते.

तर गेल्या चैत्रात एका दुपारी आई माडीवर आडवी झाली असताना तिच्या पलंगाचा एक पाय जमिनीत शिरला. आईला काही झालं नाही. पलंग तिरका झाला तेवढाच. खाली बैठकीत मी पेपर वाचत होतो. माझ्या चहात भुसा आणि माती पडली आणि वर पाहतो तो छतातून पलंगाचा खूर डोकावतोय. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. पाय पलंगाचा गेला म्हणून हसायला जागा राहिली.

मिस्त्रीला बोलावलं. त्याने फळीवर पटाशीच्या मुठीने टकटक केलं, कान लावला आणि चार फळ्यांवर खडूने फुल्या मारल्या. दिसायला त्या चारही ठणठणीत. वरून गुळगुळीत, तेलकट, लालसर. मिस्त्रीने एकीच्या कडेला पटाशी घातली आणि अख्खी फळी जुन्या पंचांगासारखी उलगडली. वर पापुद्रा, आत मातीच्या गल्ल्या. वाळवीची शिस्त ही आहे की ती पृष्ठभागाला हात लावत नाही. वर्षानुवर्षं आतून खाते आणि वरचा पापुद्रा शाबूत ठेवते. ३१ मार्चला ताळेबंद कसा दिसावा, हे ज्यांना नीट जमतं अशी काही माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी हे कुठे शिकलं असावं याचा उलगडा त्या दिवशी झाला.

"मिस्त्री, पण सागाला वाळवी लागत नाही म्हणतात," मी म्हणालो.

"सायेब, सागाच्या पोटाला लागत न्हाई. साल-अंगाला लागती."

मग त्याने जे दाखवलं ते महत्त्वाचं. सागाच्या खोडाचा आतला, पिवळसर-तपकिरी गाभा टिकाऊ. त्याच्या भोवतीचा फिकट पांढरा भाग मात्र कच्चा. त्यात झाडाचा रस वाहतो, वाळवीला तो चालतो. चांगला सुतार तो पांढरा भाग काढून टाकतो. आमच्या एकतीस फळ्यांपैकी सत्तावीस गाभ्याच्या होत्या. उरलेल्या चारांत निम्म्याहून अधिक पांढरं अंग होतं आणि ते दिसू नये म्हणून कुणीतरी काव आणि तेल चोपडून सगळ्या तक्तपोशीचा रंग एक करून टाकला होता. मिस्त्रीने नखाने खरवडलं तसा लाल रंग निघाला आणि खाली कणकेसारखं पांढरं लाकूड.

म्हणजे आजोबांच्या काळातल्या कुणा सुताराने, नाहीतर लाकूड देणाऱ्याने, चार फळ्या खपवल्या. पंचवीस-तीस रुपये वाचवले असतील. हाली. त्याचं काम इतकं सुरेख होतं की तीन पिढ्यांत कुणाला संशय आला नाही. संशय न आल्यामुळे कुणी त्या चार फळ्यांकडे खास बघितलं नाही, तेलपाणी केलं नाही आणि नेमका त्यांच्यावरच पलंग टाकला. पांढऱ्या दिसत राहिल्या असत्या तर आजीने निदान तिथे लोणच्याची बरणी ठेवली नसती.

नव्या फळ्यांचा शोध हे एक स्वतंत्र पुराण आहे, पण ते थोडक्यात सांगतो. वखारीतलं नवं लाकूड मिस्त्रीने हात लावून नाकारलं. ओलं होतं. लाकूड वाळताना लांबीला आटत नाही म्हटलं तरी चालेल, ते आटतं रुंदीला. जालन्याच्या मे महिन्यात दोन फळ्यांमधून बोट जाईल एवढी फट पडली असती. म्हणून आम्ही पाडलेल्या घरांचं लाकूड विकणाऱ्याकडे गेलो. तिथे गावातले कितीतरी वाडे उभे करून ठेवलेले होते, म्हणजे भिंतीला टेकवून. दुकानदाराने प्रत्येक लाकडावर थाप मारून "असली बर्मा है साब" असं सांगितलं. एका बाभळीच्या चौकटीबद्दलही तो तेच म्हणाला. दोन तास उलथापालथ केल्यावर चार सागवानी फळ्या मिळाल्या आणि त्या चारही एकमेकींच्या सवती. एक अकरा इंच रुंद, एक सात. दोन दीड इंच जाड, एक सव्वा, एक पावणेदोन. रंग म्हणाल तर एक काळपट, दोन मधासारख्या आणि एकीच्या अर्ध्या भागावर जुन्या हिरव्या रंगाचे डाग. पूर्वी ती कुणाच्या तरी कपाटाची पाठ असावी.

जाडीचा प्रश्न मिस्त्रीने असा सोडवला की मी बघतच राहिलो. मला वाटलं, जाड फळीवर रंधा मारून ती पातळ करील. त्याने वरच्या अंगाला हातही लावला नाही. फळी उलटी केली, जिथे जिथे ती कडीवर टेकणार तेवढ्याच जागा खालून तासल्या आणि ठेवून दिली. पातळ फळीखाली कड्यांवर पट्ट्या ठोकल्या. वरून पाय फिरवला तर सगळं सपाट. "फळीचं वजन तिच्याजवळच ऱ्हावं," एवढंच तो म्हणाला.

आता उरला रंगाचा प्रश्न आणि तिथून महाभारत सुरू झालं.

पॉलिशवाला म्हणाला, थोडी लांबी भरू, चपडी लाख आणि स्पिरिटमध्ये रंग कालवून सगळी जमीन एक करून टाकू. नवीन कुठली आणि जुनी कुठली हे तुम्हालाही सांगता येणार नाही. पुण्याहून दादांचा फोन आला: "हेच कर. दिवाळीत एक गिऱ्हाईक वाडा बघायला येणार आहे." (दादांना वाडा विकायचा आहे. मला विकायचा नाही असं नाही. मला फक्त तो विकताना तिथे हजर राहायचं नाही.) मिस्त्रीचा तोडगा निराळा: खालच्या अंगाला कोठीवर आणखी एक लहान तक्तपोशी आहे, तिच्या चार जुन्या फळ्या काढून माडीवर बसवायच्या आणि या चार सवती कोठीवर, अंधारात. हिशेबाच्या भाषेत याला बदलीची नोंद म्हणतात, आमची सौ. त्याला उसनी साडी नेसून लग्नाला जाणं म्हणते. तिचा स्वतःचा उपाय सर्वांत सोपा होता. "वर सतरंजी टाका."

या सतरंजीवर मी बराच विचार केला. सतरंजी हे लपवणं आहे का? मला वाटतं, नाही. सतरंजीखाली जमीन आहे हे सर्वांना ठाऊक असतं आणि कोपरा उचलायला कुणाची परवानगी लागत नाही. लपवणं आणि झाकणं यांत हाच फरक असावा. अंगावरचे कपडे खोटं बोलत नाहीत. टोपाचे केस बोलतात. पण मग मला रफूगार आठवला आणि माझा मुद्दा लंगडा पडला. रफू जितकं दिसत नाही तितकं ते चांगलं. कोटाच्या बाहीवर एक-एक धागा उचलून जो माणूस भोक नाहीसं करतो, त्याला कुणी लबाड म्हणत नाही, कलावंत म्हणतात. मग पॉलिशवाल्यानेच काय पाप केलं? दादांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "बघ, तूच कबूल करतोस!"

त्यावर मला उत्तर सुचायला दोन दिवस लागले. रफू केलेला कोट आपला आपण घालतो तोवर तो आपला आणि रफूगाराचा खाजगी मामला असतो. तोच कोट नवा म्हणून विकायला काढला की रफूगाराची कला तीच राहते आणि आपण बदलतो. एवढं बरोबर आहे. पण यातून असं निघतं की आपण वाडा विकणार नसलो तर खुशाल रंगवावा. आणि ते मला पटेना, कारण आजोबांनी तरी वाडा कुठे विकला होता? फसले ते घरचेच. ज्याच्यासाठी फळी बोलायला हवी तो माणूस गिऱ्हाईकच असतो असं नाही. पलंग कुठे ठेवू म्हणून विचार करणारी म्हातारीही असू शकते.

या प्रश्नावर जगात पूर्वी विचार झालेला आहे, हे वाचून मला बरं वाटलं. अथेन्सच्या लोकांनी थिसियस राजाचं जहाज जपून ठेवलं आणि कुजलेल्या फळ्या एक एक करून बदलत गेले, असं प्लूटार्कने लिहिलंय. सगळ्या बदलल्यावर जहाज तेच का, यावर तिथल्या तत्त्वज्ञांची भांडणं होत. पुढे हॉब्ज नावाच्या इंग्रज गृहस्थाने त्यात काडी टाकली: काढलेल्या जुन्या फळ्या जमवून कुणी दुसरं जहाज बांधलं तर खरं कोणतं? आपल्याकडे हाच विचार मिलिंद राजा आणि भदंत नागसेन यांनी रथावरून केला. राजा म्हणाला मी रथातून आलो. नागसेनांनी विचारलं, आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का? आणि राजाला रथ दाखवता येईना. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज काढलं आणि त्याला याच मिलिंदाचं नाव दिलं. तिथल्या परिसराला नागसेनवन म्हणतात हे मराठवाड्यात शाळकरी पोरालाही माहीत असतं. पण तिथून पदवी घेऊन आलेल्या माझ्या दोन मित्रांना रथाची गोष्ट विचारली तर ते रिक्षाच्या भाड्याबद्दल बोलायला लागले.

मला स्वतःला घर तेच का हा प्रश्न पडत नाही. आमचा जिल्हाच मुळी जोडकामाचा आहे. १ मे १९८१ रोजी औरंगाबादचे जालना, अंबड, भोकरदन आणि जाफ्राबाद हे चार तालुके काढले, परभणीचा परतूर आणून त्यांना जोडला आणि जालना जिल्हा तयार केला. चार फळ्या एका घरच्या, एक दुसऱ्या घरची. आज कुणी परतूरच्या माणसाला तू मूळचा नव्हेस म्हणत नाही. पण तो परभणीकडून आला हे कुणी गॅझेटातून खोडूनही टाकलेलं नाही.

खोडण्याचाच मुद्दा आहे. हिशेबाच्या वहीत खोडरबर चालत नाही, हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवलं. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, तीही अशी की खालचा आकडा वाचता यावा. वर बरोबर आकडा, शेजारी सही. आज सगळं कॉम्प्युटरवर आलं तरी चाल तीच आहे: झालेली नोंद पुसायची नसते, उलटी नोंद करून ती फिरवायची असते. मला वाटायचं की हा कारकुनी कंजूषपणा आहे. मग कळलं की १९६४ साली व्हेनिसला जुन्या इमारती राखणाऱ्या तज्ज्ञांनी एक सनद केली आणि तिच्या बाराव्या कलमात जवळजवळ हेच लिहिलं: गेलेल्या भागाच्या जागी जे नवीन बसवाल ते सगळ्याशी जुळून यावं, पण मूळ कोणतं आणि नवं कोणतं हे ओळखूही यावं. आमच्या मिस्त्रीने ती सनद वाचलेली नाही. 'पायाला कळू नये, डोळ्याला कळावं,' असं म्हटलं तर मात्र त्याला ती लगेच पटेल.

पॉलिशवाल्याला नाही म्हणायला मला अजिंठ्याने मदत केली. तिथली चित्रं भिंतीवरून सुटत होती म्हणून निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचा एक सहकारी असे दोन जाणकार आणले. सुटणारे पोपडे त्यांनी बसवले, ते काम मोलाचं होतं. पण चित्रांवर त्यांनी लाखेचा हात दिला. लाख पुढे पिवळी पडली, काळवंडली आणि ती उतरवण्याचं काम पुढच्या पिढ्यांतल्या रसायनतज्ज्ञांच्या गळ्यात आलं. हेतू कुणाचाच वाईट नव्हता. "अजिंठ्याला जे जमलं नाही ते माझ्या माडीला कशाला?" असं मी पॉलिशवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, अजिंठ्याला रेट वेगळा असेल."

दादांनी एक मधला मार्ग सुचवला आणि तो साधासुधा नव्हता. वरून रंग एक करावा. खालच्या अंगाला, कुणी वाचलंच तर, वर्ष आणि 'बदलली' असं लिहून ठेवावं. म्हणजे नोंद राहिली, शोभाही राहिली. मी म्हटलं, "दादा, फळीची खालची बाजू वाचणार कोण?" दादा गप्प. "जो तिच्यातून खाली येईल तो," आई म्हणाली. दादांचा फोन स्पीकरवर होता.

शेवटी चार सवती रंग न लावता बसवल्या. अळशीच्या तेलाचा एक हात सगळ्यांनाच दिला, जुन्यांनाही आणि नव्यांनाही, त्यामुळे ज्याचा त्याचा रंग आणखीच उठून दिसायला लागला. हिरव्या डागांची फळी तर माडीच्या मधोमध अशी बसलीय की पाहुणा आधी तिच्याकडे बघतो आणि मग आमच्याकडे. आईचा पलंग सत्तावीसांपैकी पाच फळ्यांवर हलवला. सौ.ने सतरंजी आणली होती ती घडी करून पायथ्याशी ठेवलीय.

गिऱ्हाईक दिवाळीची वाट न बघता दसऱ्यालाच आलं. सभ्य माणूस होता. माडीवर चढला, जमिनीकडे पाहिलं आणि बोटाने मोजलं: एक, दोन, तीन, चार. "या का बदलल्या?" मी वाळवीपासून कावेपर्यंत सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चार सडल्या म्हणजे बाकीच्याही सडल्या असणार." मी म्हटलं, "उलट. या चार का सडल्या ते कळलंय, म्हणून बाकीच्यांची खात्री आहे. पटाशी देतो, हवी तिथे घालून बघा." त्याने पटाशी घेतली नाही. बँकेतही असंच होतं. रेघ मारून दुरुस्त केलेला आकडा लोक दोनदा तपासतात आणि गुळगुळीत पानावरून बोट फिरवून पुढे जातात. त्याने आधी बोललेल्या किमतीतून ऐंशी हजार कमी केले. फळीमागे वीस.

दादांनी ते ऐंशी हजार माझ्या नावे टाकले आहेत. रागाने नाही, व्यवस्थित कागदावर मांडून: "तुझ्या तत्त्वापायी झालेला तोटा, दोन भाऊ, निम्मा माझा, तो तू द्यावास." मागणी गैरवाजवी आहे असं मला म्हणता येत नाही. दादांच्या धाकट्या मुलीचं कॉलेज आहे, चाळीस हजार ही त्यांना मोठी रक्कम आहे आणि फळ्या रंगवायच्या नाहीत हे मी ठरवलं, त्यांनी नव्हे. दुसऱ्याच्या खिशातून खरं बोलण्याचा मला अधिकार होता का, यावर व्हेनिसच्या सनदेत कलम नाही. मी दादांना लिहिलं की सौदा झाला तर माझ्या वाट्यातून वळते करून घ्या. त्यावर त्यांचं अजून उत्तर नाही. गिऱ्हाइकाचंही नाही.

बँकेत ज्या रकमेचं खातं सापडत नाही ती सस्पेन्सला टाकतात. चाळीस हजार तूर्त तिथे आहेत. दादा दिवाळीला येणार आहेत आणि माडीवरच झोपणार आहेत. आईने त्यांची गादी कुठे घालायची ते आत्ताच सांगून ठेवलंय. हिरव्या फळीवर.